मागच्या माइकात बोलणाऱ्या बाबल्याला

बाबल्या, तुझा आवाज उघडत नव्हता.

म्हणजे चित्र उघडायचं. किनारा दिसतो, नवी निळी होडी दिसते, तिच्या नाकाला बांधलेला झेंडूचा हार दिसतो, माणसं तोंडं उघडतात, मिटतात. पण खाली जिथे आवाजाची पट्टी यायला हवी तिथे काहीच नाही. कॉम्प्युटर म्हणायचा, ही फाईल मला अर्धीच वाचता येते. खरं सांगू? पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला हायसं वाटलं. सुटले बाई, म्हटलं. मग स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग पुन्हा ती भीती आली, जी तू गेल्यापासून ठाण मांडून बसली होती.

तुला तर ठाऊकच नाही नंतर काय झालं ते. ऐक. होडी पाण्यात घालायचं शूटिंग होतं. तू सकाळी क्यामेरा आणि स्टँड घेऊन किनाऱ्यावर गेलास, मी बाजारातल्या आपल्या भागीदारीतल्या स्टुडिओत एका लग्नाचा अल्बम लावत बसले. देवाला गाऱ्हाणं घालून झालं, सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं, नारळ फुटला, सगळ्यांनी मिळून होडी ढकलली, होडी तरंगली, लोक नाचले. मग कोणीतरी मागे वळून ओरडलं, "बाबल्या, इला मां रे सगळा क्यामेऱ्यात?" तू स्टँडच्या पायाशी, पालथ्या घातलेल्या एका जुन्या होडीला टेकून बसला होतास. त्यांना वाटलं, दमलास. क्यामेरा चालूच होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. एवढी माणसं होती तिथे, आणि एकानेही तुला जाताना पाहिलं नाही, कारण सगळ्यांची तुझ्याकडे पाठ होती.

तुझं दिवसकार्य आटपलं, पाहुणे पांगले, आणि नंदा माझ्या दारात आली. तुझी बायको काही मागायला माझ्याकडे कधी आलेली मला आठवत नाही. चहासुद्धा नको म्हणायची. उंबऱ्यावरच बसली.

"ताई, क्यामेरो चालू होतो मां?"

"होतो गो."

"मगे तेच्यात ऐकाक येतला. तेणा कोणाक हाक मारल्यान काय, ता माका कळाक व्हया. डोळो मिटलो की माका वाटता, तो हाका मारता हा आणि कोणाक ऐकाकच येणा नाय."

मी म्हटलं, "आवाज उघडत नाय गो नंदा." आणि ते खरं होतं! अगदी देवाशपथ खरं. त्या खऱ्याच्या आडोशाला मी किती दिवस लपून राहिले ते माझं मला माहीत.

आता तू म्हणशील, बाय, तुझ्यासारख्या बाईक आवाज उघडाक येणा नाय? येतो रे. तूच शिकवलंस. म्हणूनच तर भीती.

त्या गोल माइकाचं खूळ तुझं. नवा क्यामेरा घ्यायचा ठरला तेव्हा मी साधा बघत होते, आणि तू हट्टाने तो आणलास, डोक्यावर चहाच्या बशीएवढा माइक असलेला. चारी बाजूंचा आवाज घेतो म्हणालास. मी म्हटलं, अरे, आपली गिऱ्हाइकं लग्नाचा व्हिडिओ मोबाईलवर बघतात, तोसुद्धा भांडी घासता घासता. सहा स्पीकर कोणाच्या घरात आहेत? तू म्हणालास, "माणूस काय फक्त समोरचाच ऐकता काय गो? मागसून कुत्रो भुकलो तर वळणस नाय?" यावर काय बोलणार! पण मी बोलले. आपण बोलतच राहिलो, इतकी वर्षं, आणि ते भांडण तसंच अर्ध्यावर टाकून तू चालता झालास. हे बरं नाही केलंस.

तो सहा बाजूंचा आवाज क्यामेरा दाबून, घड्या घालून एकाच फाईलमध्ये बसवतो. जुनं सॉफ्टवेअर तो निमूट उघडायचं. मग नवीन आवृत्ती आली. तू सांगितलेलंस, "ता घेव नको, चलता हा तसा चलांदे." मी घेतली, कारण रोज सकाळी 'अपडेट करा' म्हणत ती खिडकी समोर येऊन उभी राहायची आणि मला तिचा वीट आला होता. नव्या आवृत्तीने तो दाबलेला आवाज वाचायचंच सोडलं. शिरा पडो तिच्यावर. तेव्हापासून तुझी ती खटपट सुरू झाली. फाईल आधी जुन्या कॉम्प्युटरवर न्यायची, तुझ्या त्या फुकटातल्या प्रोग्रॅममध्ये घालायची, घड्या उलगडून सहा वेगवेगळे आवाज काढायचे, आणि मग ते माझ्या टाइमलाइनवर एकाखाली एक लावायचे. तू त्यांना नावं ठेवली होतीस: डावो, उजवो, मधलो, आणि नुसता घुमणारा तो ढोल. आणि मागच्या दोघांना म्हणायचास 'चुगले'. कारण माइकाच्या मागे उभ्या असलेल्या माणसांना आपला आवाज जातोय हे माहीतच नसतं.

त्या चुगल्यांनी एकदा आपलं नाक कापलं होतं, आठवतं? लग्नाचा व्हिडिओ होता. माझ्या हातून मधला ट्रॅक बंद राहिला. मुलीचे वडील दुकानात बसून कौतुकाने बघतायत, भटजी नुसते ओठ हलवतायत, आणि मागून दोन मावश्या स्वच्छ बोलतायत, "नवरो बरो आसा, पण चार वर्सांत टक्कल पडतला." "बापाशीचा बघलंस मां!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आणि तू मेल्या, पडद्याआड जाऊन तोंडावर टॉवेल धरून हसत होतास.

पण त्या चुगल्यांमध्ये सगळ्यात जास्त बोलायचास तूच. हे जगात फक्त मला माहीत होतं. क्यामेऱ्यामागे उभा राहून शूटिंग करता करता तू माझ्याशी बोलायचास. समोर सनई वाजत असायची आणि तू हळूच, "बाय, हय काप, माझी चप्पल रेतयेत फसली." "बाय, हो म्हातारो मधी मधी येता, तेका काढ, पण सांबाळून, नवऱ्याचो आजो आसा तो." "बाय, भूक लागली रे देवा, ह्यांची जेवणां कधी घालतले?" दुसऱ्या दिवशी दुकानात कानाला हेडफोन लावून मी ते ऐकायची आणि एकटीच हसायची. कधी मोठ्याने उत्तरही द्यायची. समोरचा चहावाला म्हणायचा, ताईंचं डोकं फिरलंय. मग मी चुगले बंद करायची, आणि व्हिडिओ तुझ्याशिवाय त्या लोकांच्या घरी जायचा. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण नंदाला मी कधी सांगितलं नाही, आणि तूही सांगितलं नसावंस. कामातली गोष्ट, कोण घरी नेतं?

आता कळलं, मला कशाचं भय होतं? नंदाला ऐकायचं होतं, तू हाक मारलीस का. तिला वाटत होतं, मारली असलीस तर तिला मारली असशील, नाहीतर आईला, नाहीतर देवाला. आणि मला आतून ठाऊक होतं, तू काही बोलला असशील तर ते मला बोलला असशील. त्या मागच्या माइकात. आणि तिथे मी नव्हते. मी बाजारात फोटोंना गोंद लावत होते.

म्हणून मी टाळत राहिले. एकदा धीर केला, जुना कॉम्प्युटर चालू केला, फाईल त्यात घातली, पण प्रोग्रॅममधल्या त्या चौकोनातली बरोबरची खूण काढायची राहिली. हो, तीच, जी काढली नाही तर सहाचे दोन होऊन येतात. सगळ्यांची खिचडी होऊन आली. लाटा, आरडाओरडा, 'व्हय म्हाराजा', पुन्हा लाटा. त्या गोंगाटात तू कुठेच नव्हतास. विसरले म्हणते, पण मी खरंच विसरले की माझ्या हातानेच ती खूण राहू दिली, हे मला अजून सांगता येत नाही. एक विचार मनात येऊन गेला. हेच नंदाला ऐकवावं. बघ, काय नाय तेच्यात. संपलं. ती घरी जाईल, रडेल, झोपेल. पण मग ती जन्मभर त्या गोंगाटात तुझी हाक शोधत बसली असती. माझ्याच्याने झालं नाही.

एक दिवस होडीवाला आला, ज्याची ती नवी निळी होडी. एवढा दांडगा माणूस, दर्याला न भिणारा, आणि माझ्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसला. "ताई, ता पुसून टाक. आमका व्हिडिओ नको."

"का?"

"होडी तशीच किनाऱ्यार बांधून आसा. कोण पाय ठेवूक बघणा नाय. आमी ढकलीत होतो गो. कोणाचा ध्यान होता? तेणा हाक मारली आसात, आणि आमी..." उठला आणि चहा तसाच टाकून गेला.

म्हणजे बघ, एकट्या नंदाची किंवा माझी गोष्ट राहिली नव्हती. सगळा किनारा त्या एका फाईलला टरकून होता. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी ती खूण काढली आणि सहाच्या सहा आवाज उलगडले. दुकानाचं दार सताड उघडं ठेवलं. रस्त्यावरची रिक्षा, भाजीवाली, कोणीतरी आजूबाजूला असावं असं वाटत होतं. स्पीकर बंद केले. म्हटलं, आधी नुसतं बघू.

तुला माहीत आहे, मला आवाज डोळ्यांनी वाचता येतो. इतकी वर्षं त्या रेघा बघतेय. मधल्या पट्टीत गाऱ्हाणं घालणाऱ्याचं बोलणं, एकसारखं, लांबलचक. प्रत्येक वाक्यानंतर सहाही पट्ट्यांवर उंचवटा, तो 'व्हय म्हाराजा'. आणि चुगल्यांवर तो उंचवटा सगळ्यात मोठा, कारण माइकाला सगळ्यात जवळचा तू. क्यामेऱ्यामागे तोंड बंद ठेवायचा नियम तू दुसऱ्यांना शिकवायचास आणि गाऱ्हाण्याला स्वतः बेंबीच्या देठापासून ओरडायचास. मग नारळ. मग ढकलणं सुरू. आणि तिथे, मागच्या दोन्ही पट्ट्यांवर, एक सुळका. वर-खाली दोन्ही काठांना टेकलेला. आवाज इतका मोठा की फाटला होता. त्यानंतर सगळं खुरटं. नुसती लाटांची झुडपं.

माणूस एवढ्या मोठ्याने काय ओरडतो, बाबल्या? आणि त्यानंतर गप्प का होतो?

मी माउसवरचा हात काढला. मॉनिटर बंद केला. बंद करूनही भागेना, त्यावर टेबलावरचं फडकं टाकलं. त्या दिवसापासून दुकानात पाऊल टाकताना तिकडे बघायचं नाही, असं चाललं होतं. जेवायला बसले की सुळका दिसायचा. समुद्राकडून वारा आला की वाटायचं, आत्ता त्यात कोणीतरी ओरडेल. घरचे म्हणायचे, जीवाला लावून घेतलंयस. दुःख असतं तर लावून घेतलं असतं रे. हे दुःख नव्हतं, हे भय होतं, आणि भय कोणाला सांगायचं? तुलाच सांगत आले आजवर.

नंदा पुन्हा आली ती न विचारताच आत आली. फडकं बघितलं, माझं तोंड बघितलं, आणि म्हणाली, "उघडलो मां आवाज?" खोटं बोलले नाही, हो म्हटलं. खुर्ची ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, "लाव."

"नंदा, मी अजून ऐकाक नाय."

"मगे दोघांनी ऐकूया. लाव तू."

फडकं काढलं, मॉनिटर चालू केला. हेडफोन एक होता. डावा कान तिचा, उजवा माझा. बाकीचे सगळे बंद केले, फक्त चुगले चालू ठेवले. आणि तू आलास. इतका जवळ आलास की मी मागे वळून बघितलं. लांबून गाऱ्हाण्याचे शब्द, "ही होडी आज लेकरां दर्यात घालतत, तिका जपान ने, जपान परत हाड, काय आडनड आसात तर ती वाटेतच मोडून काड रे म्हाराजा", आणि कानाशी तुझा 'व्हय म्हाराजा', खणखणीत. नंदाने माझं मनगट धरलं. नारळ फुटला. ढकलणाऱ्यांचा गलका सुरू झाला. सुळका जवळ येताना मला दिसत होता. मी तिला म्हटलं, आता मोठो आवाज येतलो. तिची नखं माझ्या हातात रुतली.

"हाड्! हाड् हाड्! सगळो फ्रेम खाल्ल्यान मेल्यान!"

कुत्रं. बाबल्या, कुत्रं! होडी नेमकी हलताना कुत्रं क्यामेऱ्यासमोर आलं आणि तू त्याच्यावर ओरडलास. मी इतके दिवस अन्न गोड न लागता बसले होते त्या हाडहाडीसाठी! आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मला हसू फुटणार होतं. हात बंद करायच्या बटणावर होता, कारण पुढे तर नुसती झुडपं होती, मी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि त्या झुडपांतून, लाटेच्या खालून, तू साध्या आवाजात बोललास.

"बाय, हाताक मुंग्यो इल्यो गो. क्यामेरो हललो आसात. वायच बसतंय मी. हो भाग काप."

बस. एवढंच. मग लाटा. मग लांबवर होडी तरंगल्याचा जल्लोष. त्यात तू नाहीस.

अरे मेल्या! समोर अख्खा गाव उभा होता. हात पुढे केला असतास तर कोणाच्या तरी पाठीला लागला असता. एकाला म्हणायचंस, अरे, हाताला मुंग्या आल्या. एकजण वळला असता. गाडी होती, रिक्षा होत्या, दवाखाना कुठे लांब होता? ते सोडून तू मला सांगितलंस! जी तिथे नव्हती, जी दुसऱ्या दिवशी ऐकते, हे तुला पक्कं ठाऊक होतं, तिला. ही कसली सवय? ही कसली सवय लागली होती आपल्याला? काम करता करता सुखदुःख त्या माइकात टाकायचं आणि निर्धास्त व्हायचं, की बाय बघेल. बाय काय बघणार होती? मला तुझा इतका राग आला की टेबलावरचा स्टेपलर मी भिंतीवर मारला.

आणि मग मला नंदाची आठवण झाली. ती शेजारीच होती, आणि आता तिच्याकडे बघायची माझी छाती होईना. खरं भय याचंच होतं. हीच घटका.

"बाय म्हणजे तू?" तिने विचारलं.

"मी."

"सारखोच बोलायचो असो?"

सगळं सांगितलं. चप्पल, म्हातारा, भूक, सगळं. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. म्हणाली, "परत लाव." मी लावलं. "परत." पुन्हा लावलं. मी वाट बघत होते, आता ही म्हणेल, तुका सांगल्यान, माका नाय.

तिने हेडफोन काढून हातात धरला. "ताई, आवाज बघलंस तेचो? घराकडे भूक लागली म्हणताना असोच बोलता. तस्सोच."

आता कुठे मी तिच्याकडे बघितलं.

"तेका भय वाटाक नाय गो. तेका कळाकच नाय काय जाता ता. आमी हय भियान मरतंव, आणि ह्यो आपलो बसाक जागा बघी होतो!" असं म्हणून ती हसली. खरंच हसली, नवऱ्यावर चिडून बायका हसतात तशी. आणि हसता हसताच टेबलावर डोकं टेकून तिने जो हंबरडा फोडला, तो ऐकून समोरचा चहावाला धावत आला.

मी शब्द ऐकले होते, बाबल्या. इतकी वर्षं कानाला तेच वळण. कुठे कापायचं, कुठे जोडायचं. तिने तुझा आवाज ऐकला. तू घाबरला नव्हतास, हे मला कळलंच नसतं. मी त्या चार वाक्यांवर जन्मभर तुझ्याशी भांडत, भीत बसले असते. होडीवाल्याला मी लगेच फोन केला, हाक नव्हती म्हटलं, तो फक्त बसला. मग म्हणाला, "बरा केलंस ताई," आणि फोन ठेवला.

माझी भीती गेली का? नाही रे. कमी झाली. आता वेगळी आहे. आता वाटतं, उद्या हा कॉम्प्युटर बंद पडला, तो फुकटातला प्रोग्रॅम चालेनासा झाला, तर या फाईली कोण उघडणार? तुझ्या इतक्या वर्षांच्या जुन्या फाईली ड्राइव्हवर आहेत, सगळ्या दाबलेल्या, सगळ्यांत मागे कुठेतरी तू बडबडतोयस. मी एकेक उलगडून ठेवतेय. नंदा येते अधूनमधून, शेजारी बसते. परवा तू कोणाच्या तरी मुंजीत वीस मिनिटं श्रीखंडाबद्दल बोलत होतास, ते ऐकून म्हणाली, घरात तर कधी श्रीखंडाक हात लावल्यान नाय, ढोंगी मेलो.

होडीवाल्याने निरोप पाठवलाय, व्हिडिओ हवा. आज तो बनवायला बसले. डावो, उजवो, मधलो, ढोल, सगळे लावले. आणि पहिल्यांदाच चुगलेही चालू ठेवले. कुत्रं ठेवलं. तुझा 'व्हय म्हाराजा' ठेवला. क्यामेरा हलला तिथवर आले. हललाय खरा, थोडासाच. तू म्हणालास, हो भाग काप.

नाही कापला. ये आता भांडायला.